टॅनरीच्या डोहातला उठलेला मासा

एरवी रविवारची प्रार्थना आटोपली की केरॉन नदीकाठची माणसं घरी जाऊन शनिवारचा उरलेला घेवडा आणि काळा पाव खात आणि दुपारभर ताणून देत. त्या जुलैत मात्र कुणी घरी जाईना. जो तो घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास गाडीत टाकी आणि टॅनरीचा, म्हणजे जुन्या चामड्याच्या कारखान्यापाशीचा, डोह गाठी. चार गावांची माणसं वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीनं बसत. डासांसाठी अंगाला फासलेल्या तेलाचा वास सगळ्या काठाला येई. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये इतका उन्हाळा म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हता. नदी निम्म्यानं आटली होती आणि पाण्यात पाय घातला तर कोमट लागत होतं.

पाण्याच्या कडेला पांढरी चादर अंथरलेली असे, आणि तिच्यापाशी छातीपर्यंतची रबरी विजार घालून बंधू लेम्युएल स्टेअर्स उभे असत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ बोटींची इंजिनं विकत. आवाज तेव्हाही असाच होता. तेव्हा इंजिनाची हमी देत, आता आत्म्याची देतात, एवढाच फरक.

त्यांच्या नदीकाठच्या सभेच्या तिसऱ्या रविवारची गोष्ट. जर्वे आर्सेनो नावाचा, हौशी लोकांना मासेमारीला नेणारा वाटाड्या गळाला लागलेला सामन मासा खेळवत होता. हातभर लांबीचा, चांदीच्या पत्र्यासारखा मासा. चाळीस मिनिटं तो उड्या मारत, दोरी ओढत पळत राहिला. मग वेग मंदावला, मग आडवा झाला, मग उताणा. जर्वेनं तो आणून चादरीवर ठेवला.

"या, जवळ येऊन बघा!" बंधू लेम्युएल गरजले. "शेपूट हलते? नाही! डोळा फिरतो? नाही! डॉक्टरला बोलावू? डॉक्टर म्हणेल, नोव्हेंबरमधली तारीख देतो!"

लोक खदखदून हसले. जवळच्या इस्पितळातल्या लांबलांबच्या तारखा सगळ्यांनाच ठाऊक होत्या.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी अडाणी माणूस. पण आज आपल्यात विज्ञानाच्या घरात बावीस वर्षं राबलेली एक भगिनी बसली आहे. सिस्टर वर्ना! ये. बघ, आणि खरं तेच सांग."

शेवटच्या रांगेत बसलेली वर्ना माझरोल जागची उठली नाही. शेजारी बसलेल्या तिच्या थोरल्या बहिणीनं, एल्डोरानं, तिला कोपरानं ढोसलं. "अगं ऊठ! तुलाच बोलावतायत."

वर्ना उठली. सत्तावन्न वर्षांची, उंच, जराशी वाकलेली बाई. नदीच्या मुखाशी माशांची प्रयोगशाळा होती, तिथं ती बावीस वर्षं मदतनीस होती. गोल टाकीत सामन सोडायचा, काठीनं पाच मिनिटं पळवून पळवून दमवायचा, मग एक तासानं, चार तासांनी, आठ तासांनी त्याच्या स्नायूचा तुकडा काढून त्यात काय उरलं, काय साचलं ते मोजायचं. गावात तिला 'मासे पळवणारी वर्ना' म्हणत. "काय गं, आज किती मासे दमवलेस?" हा विनोद तिनं बावीस वर्षं ऐकला. मग प्रयोगशाळा बंद पडली. आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळत होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं.

आज दोनशे माणसं तिच्याकडे बघत होती.

ती गुडघ्यांवर बसली. माशाच्या कल्ल्याच्या झाकणाला तिनं बोट लावलं. हालचाल नव्हती. पण हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. हा मासा मेलेला नव्हता, दमून निपचित पडला होता. "हा दमलाय, ह्याला लगेच पाण्यात सोडा," एवढंच म्हणायचं होतं. तिनं मान वर केली. लोक श्वास रोखून उभे होते. एल्डोराचे डोळे भरून आले होते. धाकट्या बहिणीला कुणीतरी मान देऊन बोलावलं, याचाच तिला उमाळा आला होता.

"कल्ले हलत नाहीत," वर्ना म्हणाली.

"ऐकलंत? विज्ञान म्हणतं, मेला!"

ती तसं म्हणाली नव्हती. पण तिनं ते दुरुस्तही केलं नाही.

बंधू लेम्युएलनी मासा उचलला आणि कमरेइतक्या पाण्यात गेले. माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं, एक हात शेपटीच्या देठाला, दुसरा पोटाखाली, आणि आकाशाकडे तोंड करून ते प्रार्थना म्हणू लागले. प्रार्थना लांबलचक होती. ती लांबलचक का होती, हे त्या काठावर तिघांनाच माहीत होतं. हळूहळू कल्ला हलला, शेपूट वळवळली आणि मासा हातातून सुटून खोल पाण्यात गेला.

"हालेलुया!" असा गजर झाला की पलीकडच्या काठावरचे कावळे उडाले. बायका रडल्या. मिसेस ऑलिव्ह टिंग्ली ही सत्तर वर्षांची बाई काठी टाकून वाळूवर नाचली. मग त्याच डोहाचं 'जिवंत पाणी' बाटल्यांत भरून घ्यायला रांग लागली.

वर्ना परत जागेवर येऊन बसली. ते शेपटीच्या देठाला धरणं, ते तोंड प्रवाहाकडे करणं तिनंच शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी पुलाखाली हाच लेम्युएल एक मेल्यासारखा मासा हातात घेऊन कावराबावरा होऊन उभा होता. वर्ना बूट न काढता पाण्यात उतरली होती.

"तसा मागे-पुढे ढकलू नकोस. तोंड प्रवाहाकडे धर. पाणी त्याच्या तोंडातून कल्ल्यांवर जाऊ दे. आपोआप सुटेल."

मासा सुटला होता. लेम्युएल अगदी लहान मुलासारखा हसला होता. "मग आता जगेल?"

"पाणी गार असलं तर बहुतेक जगतो. पाणी तापलेलं असलं तर आज नाही कळत. उद्या सकाळी कळतं."

म्हणजे त्याला माहीत होतं. आणि वर्नालाही.

त्या रविवारनंतर वर्नाचं गावातलं वजन वाढलं. दुकानात लोक थांबून बोलू लागले. प्रार्थनेला तिच्यासाठी पुढच्या बाकावर जागा राखली जाऊ लागली. कुणीतरी रुबार्बच्या देठांचं गोड सारण भरून भाजलेला पाव दारात ठेवून गेलं. 'मासे पळवणारी' हे नाव कुणी घेईना. वर्ना रोज स्वतःला सांगे, मी खोटं बोलले नाही. कल्ले हलत नव्हतेच. सोमवारी सकाळी डोहाच्या खालच्या अंगाला चक्कर मारून यावी, असं तिला दर आठवड्याला वाटे, आणि दर आठवड्याला काहीतरी काम निघे. खरं कारण एवढंच होतं की तिथं काय दिसेल ते तिला माहीत होतं, आणि ते दिसलं की बोलावं लागलं असतं.

असे आणखी दोन रविवार गेले.

शुक्रवारी ती एल्डोराकडे दूध ठेवायला गेली. घरं लागूनच होती. एल्डोरा सहासष्ट वर्षांची, विधवा, जिभेची तिखट. आई गेली तेव्हा वर्ना अकरा वर्षांची होती. एल्डोरानं स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवून तिला वाढवलं होतं. एल्डोराला तीस वर्षांपासून मधुमेह होता आणि दिवसातून दोनदा ती इन्सुलिन टोचून घेई.

वर्नानं फ्रिज उघडला. एव्हाना संपायला हवी होती त्यातली निम्मी इन्सुलिनची खोकी तशीच होती, सील न फोडलेली.

"एल्डोरा, सुया कुठायत?"

"दिल्या फेकून नदीत."

"काय?"

"ओरडू नकोस. संध्याकाळची दोन आठवड्यांपूर्वीच बंद केली. काहीसुद्धा झालं नाही. कालपासून सकाळचीही बंद. बंधू म्हणाले, श्रद्धा अर्धी ठेवू नये."

"अगं, मरशील!"

"बघ माझ्याकडे. मरणारी दिसते का? सहा किलो उतरलेय. लग्नातला झगा होईल आता." तिनं ग्लासभर पाणी घटाघटा प्यायलं आणि पुन्हा ग्लास नळाखाली धरला.

वर्ना खुर्चीत बसली. "ते सगळं खोटं आहे. तो मासा मेलेला नव्हता."

"तूच म्हणालीस ना, कल्ले हलत नाहीत?"

"हलत नव्हतेच. पण तो मेला नव्हता, दमला होता."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

एल्डोरानं उत्तराची वाट बघितली नाही. तिनंच ते दिलं.

"मी सांगते. तेव्हा तू खरं बोललीस. आता तुला पोटदुखी झालीय. लोक त्याच्या पाया पडतात, तुझ्या नाही. लहानपणापासून अशीच तू, दुसऱ्याच्या वाढदिवसाला रडायचीस."

"एल्डोरा, हात जोडते. माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"मी सज्ञान बाई आहे. मला कुणी उचलून नेणार नाही." मग ती जरा निवळली. वर्नाचा चेहरा बघून तिला कीव आली असावी. "बरं, असं कर. रविवारी उठलेला मासा सोमवारी मेलेला दाखव मला. दाखवलास तर तुझ्यापुढे सुई टोचून घेईन. मग तर झालं?"

"झालं," वर्ना म्हणाली.

दवाखान्यात तिनं फोन केला. परिचारिका म्हणाली, "आजच घेऊन या." वर्ना म्हणाली, "ती येत नाही. पण सोमवारी नक्की येईल." तीन दिवस काय, असे निघून जातील. बहिणीचा शब्द तिला मिळाला होता, आणि मासा मरणार याची तिला खात्री होती. खरं सांगायचं तर तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. तिला हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. बावीस वर्षांचं काम एकदा तरी गावानं बघावं, असं तिला वाटत होतं.

शनिवारी तिनं प्रयोगशाळेच्या मोडीतून आणलेला जाळीचा जुना पिंजरा दुरुस्त केला आणि नदीरक्षक हॅझन ग्रँटला गाठलं. डोहाच्या वरच्या अंगाला मासे मोजायचा सापळा होता, तो हॅझनच्या ताब्यात होता.

"मला त्यातले दोन मासे हवेत. गळाला न लागलेले, न दमलेले. सोमवारी परत देते."

हॅझननं टोपी मागे सारली. "पाणी तेवीस अंशांवर गेलंय. नदीवरची मासेमारी बंद करा म्हणून मी वर कळवून आठवडा झाला. हुकूम सोमवारी येतोय म्हणे. घेऊन जा तुझे मासे. पण वर्ना, हे तीन रविवारांपूर्वी का नाही केलंस?"

सगळे तेच विचारत होते.

रविवारी डोहावर तोबा गर्दी होती. एल्डोरा सावलीत खुर्ची टाकून बसली होती. गालांची हाडं वर आलेली, ओठ सुकलेले, हातात जिवंत पाण्याची बाटली. एक संपली की दुसरी. तिची तहान कसली आहे ते वर्नाला दिसत होतं. तिनं एकदा जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. "आत्ता चल. मासा राहू दे."

"उद्या," एल्डोरा म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

मासा खेळवून झाला, चादरीवर पडला, प्रार्थनेनं उठला. बंधू लेम्युएल तो सोडणार, तोच वर्ना पिंजरा ओढत पाण्यात उतरली. पिंजऱ्यात हॅझनचे दोन मासे होते. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पाठीच्या परांना निळा दोरा बांधला होता.

"बंधू, तो मासा ह्यात सोडा. नदी तीच, पाणी तेच. उद्या दहा वाजता सगळ्यांसमोर काढू. जिवंत असला तर मी इथंच गुडघे टेकून तुमची माफी मागीन."

बंधूंचा चेहरा क्षणभर इंजिन विकणाऱ्याचा झाला. मग हसू परत आलं. "सिस्टर, देवाची परीक्षा पाहू नये, असं लिहिलंय!"

"देवाची नाही बघत. माशाची बघतेय."

मागून एक म्हातारा ओरडला, "ठेवा की हो बंधू! मरणाला न भ्यालेला मासा जाळीला कशाला भिईल?"

हशा पिकला. दोनशे लोकांपुढे नाही म्हणायची सोय उरली नाही. मासा पिंजऱ्यात गेला. तोंडाला हॅझननं आपलं सरकारी कुलूप लावलं आणि रात्रीचा पहारा आपण स्वतः करणार असं जाहीर केलं. जर्वे आर्सेनो मात्र खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिला.

सोमवारी दहाला साठेक माणसं जमली. कामावर जाणारेही वाट वाकडी करून आले होते. वर्नानं गर्दीवरून नजर फिरवली. एल्डोरा दिसली नाही. सकाळी निघताना तिनं तिच्या दारावर थाप मारली होती. आतून आवाज आला होता, "हो पुढे, येते." आवाज जड होता. नुकतीच उठली असेल, असं वर्नाला वाटलं. वाटून घेतलं तिनं.

पिंजरा वर आला. निळ्या दोऱ्याचे दोन्ही मासे जाळीला धडका देत होते. तिसरा तळाशी उताणा होता, तोंड उघडं, अंग लाकडासारखं ताठ.

पुढचे लोक आणखी जवळ सरकले, मागचे टाचा उंचावून बघू लागले.

"शंकेनं मारला!" बंधू लेम्युएलनी हात वर केला. "ह्या बाईच्या शंकेनं प्रभूचं देणं हिरावून घेतलं!"

"शंका अख्ख्या पिंजऱ्यात होती," वर्ना म्हणाली. "मग हे दोघे कसे वाचले?"

"ह्यांना प्रभूनं स्पर्शच केला नव्हता, भगिनी!"

"तेच म्हणतेय मी. ज्याला तुमचा स्पर्श झाला नाही तो जगला."

त्यावर जर्वे आर्सेनो पुढे आला. पन्नाशीचा दणकट गडी, पण चेहरा पडलेला. "पहिला रविवार धरून हा सहावा मासा," तो म्हणाला. "सहाच्या सहा मेले. दर रविवारी संध्याकाळी मी खालच्या वळणावर जाऊन थांबायचो. अंधार पडायच्या आत एकेक वाहत यायचा. मी झाडीत पुरायचो. ह्यांनीच सांगितलं होतं, लोकांच्या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून. बारीक दोरी लाव, लवकर ओढू नको, पुरता दमू दे, हेही ह्यांनीच सांगितलं." त्यानं नाक पुसलं. "चला, दाखवतो. खड्डा आहे अजून."

बंधू लेम्युएल काही बोलायला गेले, पण आता त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. लोक वर्नाकडे बघत होते.

"पण तो पोहत गेला होता," मिसेस ऑलिव्ह म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"बघितलंत ते खरंच होतं, मिसेस ऑलिव्ह. तो उठला. पण उठणं म्हणजे बरं होणं नव्हे." वर्नानं मेलेला मासा हातात घेतला आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे सगळं पांढरं मांस म्हणजे पळायचा स्नायू. ह्यात साखरेचा साठा असतो. हिवाळ्यासाठी आपण लाकडं रचतो ना, तसा. मासा जीव खाऊन पळतो तेव्हा रक्तातून येणारा प्राणवायू पुरत नाही. मग तो हवा बंद करून लाकडं जाळावीत तसा सगळा साठा घाईनं जाळतो. मागे उरतं आम्ल. स्नायू आंबतो, रक्तही आंबतं, आणि मासा आडवा होतो. तुम्हाला तो मेल्यासारखा दिसतो. तोंड प्रवाहाकडे धरलं की कल्ल्यांवरून पाणी वाहतं, प्राणवायू मिळतो आणि त्याला तरतरी येते. त्याला प्रार्थना लागत नाही, नुसतं पाणी लागतं. मी हजार मासे असे उठवलेत, एकही प्रार्थना न म्हणता."

"मग मेला कशानं?"

"खरं काम त्यानंतर सुरू होतं. आपल्या अंगात ते आम्ल बरंचसं रक्तातून यकृताकडे जातं आणि तिथं त्याची पुन्हा साखर होते. मासा ते फारसं बाहेर सोडत नाही. कोळसा चुलीतच ठेवून जागच्या जागी त्याचं परत लाकूड करायचं, असं त्याचं असतं. त्याला आठ तास लागतात, बारा लागतात. गार पाणी हवं, हळू वाहणारं पाणी हवं, स्वस्थता हवी. ह्याला आपण काय दिलं? कोमट पाणी, त्यात प्राणवायू कमी. वर चादरीवर उन्हात ठेवून त्याचा श्वास कोंडला. उठून गेला तो, पण आतली चूल विझलेलीच होती. आपण टाळ्या वाजवून घरी गेलो. आधीचे खालच्या वळणावर मेले, हा पिंजऱ्यात."

मिसेस ऑलिव्हनं आपल्या काठीकडे बघितलं. "आणि माझा गुडघा?"

"त्या दिवशी आनंदात चालला तो. दुसऱ्या दिवशी?"

"सुजून भोपळा झाला होता," ती पुटपुटली. "मी कुणाला सांगितलं नाही."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हशात वर्नालाही क्षणभर बरं वाटलं. बावीस वर्षांचं काम तिनं दहा मिनिटांत सांगितलं होतं आणि लोक ऐकत होते. मग हॅझननं विचारलं, "एल्डोरा कुठाय? हे तिलाच दाखवायचं होतं ना?"

वर्ना हातातला मासा तसाच टाकून धावली.

एल्डोरा स्वयंपाकघरात जमिनीवर होती. अंगात बाहेर जायचा निळा झगा, एका पायात बूट. ती यायला निघाली होती. तोंडाला कुजक्या सफरचंदासारखा गोड वास येत होता आणि श्वास लांब, खोल, घाईचा चालला होता. रक्त आंबलं की अंग असं धापा टाकतं, हे वर्नाला समजावून सांगायची गरज नव्हती. एल्डोराचं शरीर इन्सुलिनविना साखर जाळू शकत नव्हतं. दिवसांमागून दिवस ते चरबी जाळत राहिलं आणि तिच्या आम्लात बुडत गेलं. मासे वर्नानं मोजून दमवले होते. बहीण तिनं न मोजता दमू दिली.

"एल्डोरा! मेला गं तो मासा! मेला! सुई घेतेस ना?"

एल्डोरानं डोळे उघडले. "दाखव," ती म्हणाली.

पुढे ती काही बोलली नाही. रुग्णवाहिका पाऊण तासानं आली. इस्पितळात त्यांनी नळ्या लावल्या, इन्सुलिन सोडलं, जे करायचं ते सगळं केलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी वर्नाला विचारलं, "सुया बंद केल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वर्नाला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. बुधवारी दुपारी एल्डोरा गेली.

बंधू लेम्युएल सोमवारी दुपारीच गाव सोडून गेले होते. चादर वाळूवरच राहिली होती. पोलिसांनी नंतर त्यांना शोधलं म्हणे, जर्वेला माशांसाठी दंडही झाला. पण ह्या गोष्टीत त्याला फार महत्त्व नाही.

दफनानंतर प्रार्थनाघराच्या तळघरात चहा होता. लोक वर्नाशी मऊ बोलत होते. "तू तरी काय करणार? तुझं तिनं ऐकलं नाही. तूच तर त्याला उघडा पाडलास." दहा जणांनी दहा वेळा हेच सांगितलं. अकराव्यांदा वर्नानं हातातला कप खाली ठेवला आणि ती उभी राहिली.

"मला शाबासकी देऊ नका," ती म्हणाली. "त्याला ही विद्या मीच शिकवली. ती शिकवण्यात काही पाप नव्हतं. पण त्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी खरं बोलले, ते अर्धं. तेवढंच माझ्या सोयीचं होतं. तुम्ही माझ्याकडे मानानं बघत होतात, ते मला हवं होतं. तुम्ही त्याच्या शब्दावर नाही, माझ्या शब्दावर फसलात. एल्डोराही. आणि मग तिला दवाखान्यात न्यायचं सोडून मी पिंजरा शिवत बसले, माशाच्या मरणाची वाट बघत. तिची समजूत घालायला मला पुरावा हवा होता, आणि पुरावा जमवता जमवता माणूस गेलं."

मागच्या टेबलावर कुणीतरी चहाचा चमचा खाली ठेवला.

"एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर बघा, हवं तर टाळ्याही वाजवा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथं जा. जे काल उठलं ते आज कुठं आहे, ते विचारा. आजचं उद्यावर टिकतं का, हे बघण्यालाच विज्ञान म्हणतात, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. जो तुम्हाला उद्या बघू देत नाही, तो तुम्हाला फसवतोय. आणि तुमच्यातल्या ज्याला काही माहीत असेल, त्यानं तिथल्या तिथे, पूर्ण बोलावं. लोक हसले तरी बोलावं. मी नाही बोलले."

ती खाली बसली. मग मिसेस ऑलिव्ह टिंग्ली काठी टेकत तिच्याजवळ आली आणि कानाशी वाकली.

"वर्ना, तुला म्हणून सांगते. गुडघ्याचं काही नाही, पण माझ्या हृदयाच्या गोळ्या... मीही बंद केल्यात. महिना झाला. त्यानंच सांगितलं होतं. आता लाज वाटते डॉक्टरांपुढे जायची. उद्या जाईन म्हणते."

वर्नानं खुंटीवरून तिची पातळ शाल काढली आणि तिच्या खांद्यावर घातली.

"उद्या नाही," ती म्हणाली. "गाडी दारात आहे. आत्ता."